नऊ नंबरचे जोडे

"मॅडम, त्याचं नाव काय होतं?" दामिनीनं विचारलं, आणि मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, "नाव नाही. गोष्टीत नुसतं सैनिक लिहिलंय. ऐक पुढं." तिसरी-चौथीचा माझा एकत्र वर्ग, एकोणीस पोरं, सोमवारची सकाळ, खिडकीतून कापलेल्या धानाचा वास. गोष्ट वाचनपेटीतली होती. एक सैनिक लढाईवर जातो, परत येत नाही, गाव त्याच्या आठवणीत एक झाड लावतं. पंधरा ओळी, रंगीत चित्रं, आणि खाली शिक्षकांसाठी बारीक अक्षरात सूचना: 'मुलांमध्ये युद्ध व स्मरण यांविषयी संवेदना जागवावी.' जागवा म्हणे! पोरं टक्क जागीच असतात हो, झोपलेले आपण असतो, पण हे सूचना लिहिणाऱ्याला कोण सांगणार. दामिनी काही बसली नाही. तिच्या मागून हिमांशू उठला. "मंग त्याची माय त्याले काय म्हणून बलावे? ओ सैनिक, जेवाले ये, असं?" वर्ग फिदीफिदी हसला. आणि मी, रचना टेंभुर्णे, तेवीस वर्षं नोकरी झालेली, पोरांवर हात न उगारणारी म्हणून पंचक्रोशीत नाव असलेली बाई, जोरात खेकसले, "विचारू नोको म्हटलं ना!" वर्ग दचकला. मीसुद्धा. कारण तो आवाज माझा नव्हताच. तो माझ्या आईचा होता, त्यातला तो 'नोको'सुद्धा आईचा. आईला जाऊन चार वर्षं झाली आणि ती अशी माझ्या गळ्यातून भर वर्गात बाहेर यावी? मी पुस्तक मिटलं आणि पोरांना पाढे म्हणायला लावले. पाढ्यांना कुणी नाव विचारत नाही.

दुपारी स्कूटीवरून कुडव्याला घरी परतताना हिमांशूचं ते वाक्य डोक्यात घोळत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे भारे पडलेले, मळणीची धूळ डोळ्यांत जात होती, आणि मी मात्र चाळीस वर्षांमागच्या एका रविवारी जाऊन पोचले होते. आमच्या घरी रविवार म्हणजे बुटांना पॉलिश. माझे बाबा, देवीदास टेंभुर्णे, फौजेत होते, एकाहत्तरच्या बांगलादेशच्या लढाईत होते. ते अंगणात पोतं अंथरून बसत आणि दोन जोड चकचकीत करत. एक त्यांचे रोजचे काळे, सहा नंबर. दुसरे तपकिरी, भले दांडगे, नऊ नंबर. ते तपकिरी जोडे कुणीच घालत नसे. घरात नऊ नंबरचा पाय कुणाचाच नव्हता. तरी दर रविवारी त्यांना पॉलिश, फडकं, आणि परत पत्र्याच्या पेटीत. सात वर्षांची असताना मी एकदा ते पायात घालून अंगणभर फटाक-फटाक चालून आले, मोठ्या ऐटीत. बाबांनी उठून माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा जास्त पडला होता, हे मला अजून दिसतं. मी रडत आईकडे गेले आणि विचारलं, कोणाचे आहेत ते जोडे? आई चुलीसमोर होती. तिनं मला जवळ ओढलं, गाल चोळला आणि म्हणाली, "विचारू नोको, बाई. तुया बाबाले त्या जोड्याबद्दल कधी म्हणजे कधीच विचारू नोको." झालं. मी नाही विचारलं. चाळीस वर्षं! मोठी आज्ञाधारक लेक मी. बाबा तसे घुमे नाहीत हो. गोंदियाच्या स्टेशनावर कोणती गाडी किती उशिरा येते, शेजाऱ्यांचं कुत्रं कायले भुंकतं, माझ्या नवऱ्यानं, म्हणजे प्रफुल्लनं, वांग्याच्या भाजीत गूळ टाकायला हवा होता की नाही, या सगळ्यावर त्यांचं मत तयार असतं. गल्लीत त्यांना पाहून लोक आधी घड्याळ बघतात. फक्त लढाई म्हटलं की तोंडाला कुलूप. यंदा त्यांना पंच्याहत्तरावं लागलं. मला त्यांच्याकडून शौर्याच्या कथा नको होत्या. ते जोडे कोणाचे, एवढंच मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. उद्या बाबा गेले तर तो जोडेवालाही त्यांच्यासोबत जाणार, वाचनपेटीतल्या सैनिकासारखा, बिननावाचा. आणि त्याला तसं घालवून देण्यात माझाही हात असणार, कारण मी विचारलं नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ सरळ चोरी केली. बाबा आंघोळीला गेले होते, न्हाणीतून त्यांचं खाकरणं ऐकू येत होतं, आणि मी, सत्तेचाळीस वर्षांची बाई, त्यांच्या खाटेखाली ओणवी होऊन पत्र्याची पेटी उघडत होते. जोड्यांना हात लावायची माझी हिंमत नव्हती. गाल आपोआप दुखायला लागला, खोटं नाही सांगत. पण त्यांच्याखाली कापडात गुंडाळलेला फोटो होता, लहानपणापासून चोरून पाहिलेला. सागरला, बाबांच्या फौजी छावणीच्या गावी, बाजारातल्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. पडद्यावर रंगवलेला धबधबा, आणि त्यापुढे दोन जवान, साध्या कपड्यांत, खांद्यावर हात टाकलेले. डावीकडे बाबा, वीस वर्षांचे, काडीपैलवान. उजवीकडे एक उंच, दात दाखवून हसणारा माणूस. गोष्टीतला सैनिक पोरांना पटला नाही ना? मग त्यांना खरा दाखवू, असं मी स्वतःला सांगत होते. पण खरं सांगू का, मला पोरांच्या आडून विचारायचं होतं. एकोणीस पोरांनी प्रश्न काढायचे, ते मी घरी न्यायचे आणि म्हणायचं, बाबा, मुलांनी विचारलंय, मी नाही. किती भित्री असते माणसाची जात! मी फोटो पिशवीत टाकला, कुलूप लावलं आणि चहा न पिताच निघाले.

वर्गात फोटो टेबलावर पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून उभा केला. म्हटलं, "हे खरे सैनिक. गोष्टीतले नाहीत. एकाहत्तरच्या लढाईत होते. आता यांना काय विचारावंसं वाटतं ते वहीत लिहा. काहीही विचारा." 'काहीही' म्हणताना मला फार मोकळं वाटलं. पुढचं सांगणार तोच मुख्याध्यापक पटले सर दारात आले, हातात मोबाईल, कपाळाला आठ्या. "मॅडम, माहिती मागून राहिले वरतून. आत्ताच्या आत्ता. किती पोरांकडे स्वेटर आहे अन् किती पोरांकडे नाही." मी गेले. स्वेटरं मोजून यायला वीस मिनिटं लागली. परत येताना व्हरांड्यातच उदबत्तीचा वास आला आणि मी भराभरा पाय उचलले. आत पाहते तर काय, टेबलावर शाळेच्या कार्यक्रमाचं निळं कापड अंथरलेलं. त्यावर फोटो. फोटोला झेंडूचा हार, आमच्याच परसबागेतल्या फुलांचा, पोत्याच्या सुतळीत ओवलेला. पुढं पेटलेली मेणबत्ती, उदबत्ती, एका द्रोणात खडीसाखर. पोरं रांगेत हात जोडून उभी. आणि टिंकू, चौथीतला आमचा ठरलेला वक्ता, छाती काढून भाषण देत होता: "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज आपण ज्यांची जयंती किंवा पुण्यतिथी साजरी करत आहोत, त्यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला." आता यात पोरांची काय चूक? बालवाडीपासून त्यांनी हेच पाहिलेलं. शाळेत टेबलावर फोटो आला, की तो थोर माणसाचा. थोर माणूस, म्हणजे तो गेलेला. गेलेला, म्हणजे हार, मेणबत्ती, भाषण आणि मग खाऊ. वर्षातून पंधरा वेळा आम्हीच शिकवतो. आम्ही बौद्ध, शुभ-अशुभ मानत नाही, बाबा तर मुळीच नाही. पण जित्या बापाच्या फोटोला हार कुणाला पाहवतो? मी हार काढायला धावणार, तेवढ्यात फाटकाशी लुनाचा आवाज आला. ती लुना मी झोपेतसुद्धा ओळखते. अख्ख्या गोंदिया तालुक्यात तसं दम लागल्यासारखं फटफटणारं दुसरं वाहन नाही.

बाबा दारात उभे राहिले. डोक्याला मफलर, भुवयांवर धूळ, पाऊण तास लुना हाकून आलेले. "पेटीचं कुलूप उलटं लावलं तू," मला एवढंच म्हणाले. फौजी माणसाच्या पेटीला उलटं कुलूप! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे हार पाहणार, फोटो उचलणार, एक शब्द न बोलता निघून जाणार आणि ते कुलूप यापुढं कधीच उघडणार नाही, असं मला लख्ख दिसलं. थोबाडीत मारली असती तरी परवडली असती. टिंकूला यातलं काय कळणार? पाठ केलेलं भाषण मधे सोडायचं नसतं हेही मीच शिकवलेलं. तो समेवर आला: "आणि अशा प्रकारे ते आपल्यातून निघून गेले." बाबांनी मान वळवली. "कोण निघून गेलं गा?" "हे," टिंकूनं फोटोकडे बोट केलं. बाबा टेबलाजवळ गेले. मेणबत्तीच्या उजेडात वाकून आपल्याच फोटोकडे पाहत राहिले.  दामिनीची मान फोटोवरून बाबांकडे, बाबांवरून फोटोकडे फिरत होती. मग ती किंचाळलीच. "मॅडम, हे तर तेच हायेत! आबा, तुमी मेले नाही काय?" मी डोळे मिटले. "नाही वो माय," बाबांचा आवाज आला, "अजून तरी नाही." आणि ते हसले. मी डोळे उघडून पाहिलं, खरंच हसत होते. मग पोरंही हसली, सगळी एकदम, हुश्श करून. भाषण वाया गेलं, टिंकूचंच काय ते नुकसान झालं.

पण हसणं सरलं आणि बाबांची नजर फोटोच्या उजव्या बाजूला गेली, त्या उंच माणसावर. चेहऱ्यावर तेच कुलूप चढायला लागलं. मला ते चढताना ओळखू येतं. आणि नेमकी तेव्हाच दामिनी वही घेऊन पुढं आली. "मंग मी आता विचारू? माया पयला प्रश्न हाय. या फोटोत तुमचे जोडे इतके मोठे काऊन हायेत?" मी फोटो पाहिला. बाप्पा! शंभर वेळा पाहिलेला फोटो. मी दर वेळी चेहरेच पाहत आले होते. काडीपैलवान बाबांच्या पायात ते भले दांडगे जोडे होते, नऊ नंबरचे, आणि शेजारचा उंच माणूस रबरी चपलांवर उभा होता. 'विचारू नोको' अगदी जिभेवर आलं. मी तोंडावर हात दाबून धरला. हो, दाबूनच, नाहीतर आई पुन्हा बोललीच असती.

बाबा माझ्या खुर्चीवर बसले. मफलर सोडला, त्याची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. "ते माये नाहीत," ते म्हणाले. "याचे होत." आणि त्यांनी फोटोतल्या त्या माणसाच्या छातीवर बोट ठेवलं. "श्यामलाल." एवढं सोपं होतं का ते? चाळीस वर्षं मी ज्या नावाभोवती चोरपावलांनी फिरले, ते खडीसाखरेच्या द्रोणावर, पोरांच्या डोक्यांवर, आमच्या फळ्यासमोर असं सहज येऊन पडलं. मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत. "सालेकशाकडचा होता. त्यानं पगारातून हे जोडे घेतले, घरी जातानी घालाले. फोटो काढाचा होता तं मायाजवळ चांगले जोडे नोहोते. म्हणे, तू बुटका, तू घाल, मी उंच हाओ, माया पायाकडे कोण पाहते? समोरून कागद कोंबला अन् घालून देले मले." "मंग परत काऊन नाही देले?" टिंकूनं विचारलं. "देत होतो न गा. तं म्हणे, राहू दे तुयाच पेटीत, मायी भरली. लढाईवरून आल्यावर दे." बाबा थांबले. "मी आलो." पोरांना कळलं. गोष्टीच्या पंधरा ओळींत जे कळलं नव्हतं ते दोन शब्दांत कळलं. हिमांशू रांगेतून हळूच म्हणाला, "त्याची माय त्याले काय म्हणे?" बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसा काही हाच प्रश्न ऐकायला ते चोपन्न वर्षं थांबले होते. "शामू. तिच्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखो. सुरुवातीले चिरंजीव शामू, अन् शेवटी, पोटभर जेवत जाय. सुट्टीत मी जोडे घेऊन गेलो होतो. सालेकशाले उतरलो, पिशवी हातात. मंग मनात आलं, ते माऊली दारात येईन, पोरगा मांगणार, अन् मी काय देऊ, जोडे? दुसऱ्या गाडीनं वापस आलो."  मग बाबा उठले, फोटोचा हार सोडवला आणि पुन्हा घातला, तिरपा, फक्त उजव्या बाजूला. त्यांचा स्वतःचा अर्धा भाग मोकळा राहिला. "आता बरोबर झालं. याले आजवर मी हार नोहोता घातला. बरं झालं, पोट्ट्यांनो." टिंकूचा जीव भाषणात अडकलेला. "मंग मायं भाषण?" "चांगलं होतं. नाव टाक फक्त. गरीब कुटुंबात जन्मला, ते तं बरोबरच सांगितलं तू." मग खडीसाखर वाटली. बाबांनी वह्या मागून घेतल्या. एकोणीस पोरांचे मिळून साठेक प्रश्न होते. ते लुना चालू करताना म्हणाले, "बाकीचे सोमवारी."

मधल्या दिवसांत घरी आम्ही यावर काहीच बोललो नाही. शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर मात्र बाबा भरपूर बोलले. रविवारी अंगणात पोतं अंथरलं, पॉलिश झालं, दोन्ही जोड. मी दारातून पाहत होते. पेटी उघडल्याचा आवाज आला नाही. तपकिरी जोडे खाटेजवळ पिशवीत ठेवलेले दिसले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासली. सोमवारी बाबा माझ्याच स्कूटीवर मागं बसून शाळेत आले, पिशवी मांडीवर, रस्ताभर मला गाडी कशी चालवायची ते सांगत.

जोडे वर्गाच्या मधोमध ठेवले आणि बाबा म्हणाले, "घाला." पोरांना दोनदा सांगावं लागतं का? एकेक जण पाय घालून फळ्यापासून दारापर्यंत चालायला लागला, फटाक-फटाक, पडत, हसत. दामिनीनं पाय घातला आणि थबकली. "आबा, आत काहीतरी हाय." तिनं हात घालून चाचपलं. "कागद हाय!" बाबांनी मान हलवली. फोटोसाठी कोंबलेला कागद. चोपन्न वर्षं वरून पॉलिश, आणि आतला तो कागद त्यांनी तसाच ठेवला होता. श्यामलालनं स्वतःच्या हातानं कोंबलेला. दामिनीनं तो काढला नाही. हात बाहेर घेतला, पाय घातला आणि दारापर्यंत जपून चालून आली. सगळ्यांचं झालं तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. "आता तू." मी नको-नको केलं. पोरांसमोर काय हे! "तुले मारलं होतं मी यापायी," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. "लागलं होतं?" "हो," मी म्हणाले. काय लपवायचं आता? "खूप लागलं होतं, बाबा." वर्गात चुकचुकल्याचा आवाज झाला. हिमांशू तर बाबांकडे रागानं पाहायला लागला. "चुकलं माया," बाबा म्हणाले. "घाल."

मी पाय घातला. आत थंडगार होतं, पॉलिशचा आणि जुन्या चामड्याचा वास होता आणि अंगठ्याला तो कागद लागला, दगडासारखा घट्ट झालेला. मला इतका आनंद झाला, सांगायची सोय नाही. मी फळ्यापासून दारापर्यंत गेले आणि परत आले, फटाक-फटाक, सात वर्षांच्या ऐटीत, आणि एकोणीस पोरांनी टाळ्या पिटल्या. मग जोडे न काढताच पोरांच्या रांगेत सगळ्यांत मागं, त्यांच्या बसायच्या पट्टीवर जाऊन बसले. बाबा खुर्चीवर बसून वह्या उघडत होते. आईचा आवाज गळ्याशी आला होता, नेहमीसारखा. मी त्याला थोडं थांबायला सांगितलं आणि हात वर केला. बोलायला मात्र जमेना. बाबा चष्म्यावरून पाहत राहिले. सगळी पोरं मागं वळून माझ्याकडे बघायला लागली.

"विचारा न मॅडम," टिंकू म्हणाला. "इथं कोणी मारत नाही."